राहिलेली दवंडी

फारुखला मारणारे चाळीस जण होते, असं पोलिसांच्या कागदात हाय. चाळीसच्या चाळीस अज्ञात! आता काय बोलावं? ज्या गावात कुणाची शेळी कुणाच्या हरभऱ्यात शिरली हे चहा उकळायच्या आत समद्यांला कळतं, त्या गावात दिवसाढवळ्या एका माणसाचा डोळा कुणी फोडला हे कुणालाच ठाव न्हाय. मी बलभीम, या गावचा कोतवाल. तहसीलचं टपाल आणायचं, आन कुणाच्या घरी काय झालं, उद्या काय व्हणार, हे पंचायतीच्या भोंग्यावरनं गावाला सांगायचं, हे माझं काम. वीस वर्षं करतोय. लोक मला तापट म्हणतात, ते काय खोटं न्हाय.

फारुख आमच्या गावचा न्हवं, तेरचा. पर लहानाचा मोठा झाला आमच्याच ओसऱ्यांवर. त्याची आई बेगमबी बांगडीवाली. डोक्यावर पेटी घेऊन बाई तेरहून दोन कोस चालत यायची, दारात बसून बायकांचे हात चोळून चोळून बांगड्या भरायची. माझ्या बायकोचा लग्नाचा चुडा तिनंच भरला. गावात एक हात असा न्हाय ज्यात तिच्या पेटीतली काच गेली न्हाय. पोरगं आपलं पदर धरून मागं मागं. मी बेगमबीला आपा म्हणायचो, म्हणून तो मला मामा म्हणायचा. माझ्या काठीचा त्याला लई नाद. आज्यापासनं आलेली घुंगराची काठी हाय ती. लांबून वाजली तरी पोरगं ओळखायचं, "आला मामा!" म्हणून पळत यायचं.

त्याचा बाप वजीर. पाठीवर पंप बांधून लोकांची फवारणी करायचा. एका साली तुरीत औषध मारताना वारं फिरलं आन समदं त्याच्या अंगावर आलं. तोंडाला फेस, डोळे पांढरे, बांधावर हातपाय झाडत पडला. टेम्पोत घालून नेला, तिसऱ्या दिवशी गेला. फारुख तवा दहावीत. मातीला गेलो तर पोरगं रडत न्हवतं. मला म्हणला, "मामा, पंप फोडला म्या." मागं जाऊन बघितलं तर पंपाचा दगडानं ठेचून चेंदामेंदा केलेला.

तवाच त्यानं ठरवलं असावं. धाराशिवला आयटीआय केलं, पुण्याकडं जाऊन ड्रोन उडवायचं शिकला, परवाना घेऊन आला. कळंबच्या एका शेतकरी गटानं फवारणीचं मशीन त्याच्या हवाली केलं. सहा पंखे, दहा लिटरची टाकी, उचलायला दोन माणसं लागतात. बांधावर उभं राहून सात-आठ मिनिटांत एकर फवारतो. औषधाचा थेंब माणसाच्या अंगावर न्हाय. तरी हा पठ्ठ्या डोक्यापासनं पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला मास्क, डोळ्याला मोठा चष्मा घातल्याबगर बटनाला हात लावायचा न्हाय. बाप गेलेला डोळ्यानं बघितलेला ना. मी चेष्टा करायचो, "काय पायलट, विमान कुठं लावलं?" तो म्हणायचा, "विमानच हाय मामा, बसायला जागा न्हाय एवढंच."

एकदा मला मोबाईलमधला नकाशा दाखवला. इथं हिरवं, तिथं पिवळं, धाराशिवच्या धावपट्टीजवळ तांबडं. तांबड्यात परवानगीबगर उडवलं तर परवाना जातो. त्या धावपट्टीवरनं विमान शिकणाऱ्या पोरांची बारकी विमानं आमच्या शिवारावरनं जायची. लांबून घरघर ऐकू आली की हा मशीन खाली घ्यायचा, विमान नजरेआड झालं की मंग परत वर. म्या म्हणलं, "अरे, ते कुठं, तू कुठं! तुला कशाला भ्यायचं?" तर म्हणला, "भ्यायचं न्हाय मामा. आभाळात बी बांध असतो. वरचं त्यांचं, खालचं आपलं. बांध कोरला की मारामारी आलीच." हे आमच्या गावाला सांगायचं! हितं वीतभर बांधापायी सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलीत.

मग ते अफवांचं साल आलं. चोर ड्रोन उडवून घरं हेरायलेत, असं मोबाईलवर फिरायला लागलं. रोज रातीला कुणाला तरी आभाळात दिवा दिसायचा. गावोगाव गस्ती सुरू झाल्या, आमच्यात बी. फारुखनं मला शिकवलं, "मामा, दिवा सरळ चालला तर विमान. एका जागी थरथरला तर ड्रोन. हाललाच न्हाय तर चांदणी, गप झोपा." म्या चार जणांना सांगितलं, चौघं बी हसले.

त्या पंधरवड्यात एक कुकर-मिक्सर दुरुस्त करणारा परगावचा माणूस गावात आला. पेटी उघडली तर आत वायरी. वायरी म्हणजे ड्रोनच की! पारावरच्या लिंबाला बांधला आन हाणला. त्याचे दोन दात मातीत पडले, ते म्या बघितले. हाणणाऱ्यात मी बी व्हतो, लपवत न्हाय. माझ्या काठीला घुंगरं हायत, ती प्रत्येक तडाख्याला वाजत व्हती आन पोरं हसत व्हती. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली, लेकरू कडेवर, आन नवऱ्याला धरून घेऊन गेली. चोर न्हवताच तो. गावाला काय शरम वाटली? छट्! "संशय व्हता" म्हणले आन मोकळे झाले.

त्यानंतर ठाण्याच्या साहेबानं बैठक घेतली. ठरलं असं, की फवारणीचं ड्रोन उडवायच्या आधी गावाला दवंडी द्यायची. अमक्या रानात, अमक्या टायमाला मशीन उडणार, कुणी भिऊ नये. फारुख मला सकाळी मोबाईलवर कळवायचा, मी भोंग्यावर सांगायचो, मग तो उडवायचा. महिनाभर सुरळीत चाललं.

आन मग माणिकप्पा मेला. पासष्टीचा माणूस, हौसेनं गस्तीला यायचा. त्या राती "त्यो बघा!" म्हणून ओरडला, वर बघत बघत पळाला, आन कोरड्या विहिरीत गेला. खालच्या खडकावर डोकं आपटलं, नारळावानी फुटलं. त्याला दोरानं वर काढता काढता उजाडलं. म्या त्या दिव्याकडं बघितलं व्हतं. सरळ चालला व्हता, आपल्या वाटेनं. विमान व्हतं ते. पर मेंदू बाहेर आलेल्या माणसाच्या पोराला, मल्लेशला, हे कोणत्या तोंडानं सांगणार? गाव एकच म्हणत व्हतं, ड्रोनवाल्यांनी माणिकप्पाला खाल्लं.

सकाळी सातला फारुखचा निरोप आला. "मामा, आज साडेदहाला खालच्या मळ्यात सोयाबीन. दवंडी द्या." मळ्याचा मालक पुण्यात, त्यानं फोनवरच काम सांगितलेलं. फारुख तेरहून मागच्या वाटेनं थेट रानात जाणार, गावात पाय ठेवायचं कारण न्हाय. गावात कुणी मेलंय हे त्या दोघांना बी ठाव न्हाय.

आमच्यात एक रीत हाय. गावात मढं असलं की माती व्हईस्तोवर भोंगा वाजवायचा न्हाय. देवळाची आरती न्हाय, अजान न्हाय, दवंडी न्हाय. आज्या-पणज्यापासनंचं हाय हे. तवा भोंगा बंद. बरं, तोंडानं तरी सांगता आलं असतं का न्हाय? व्हय, आलं असतं. फारुखला "आज येऊ नको" एवढं तरी कळवता आलं असतं. पर रातभर मढं ओढून माझं डोकं फिरलेलं. मनात म्हणलं, मी काय ह्याच्या बापाचा नोकर हाय? रोजचं ह्याचं दवंडी द्या, दवंडी द्या! सांगू मागनं. आन सवयीनं त्याला मोबाईलवर अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे, दिली दवंडी, उडव तू. मग खड्डा, फुलं, पाहुणे. विसरून गेलो.

माणिकप्पा लिंगायत. त्यांच्यात बसवून माती देतात. त्याच्याच रानात खड्डा घेतला. दीड-दोनशे माणूस जमलेलं. पलीकडं डोक्याच्या वर गेलेला ऊस, आन उसाच्या पल्याड तोच खालचा मळा. आम्हाला तिकडचं दिसत न्हवतं, तिकडच्याला आम्ही दिसत न्हवतो. मल्लेश फावड्यानं बापावर माती लोटत व्हता. तेवढ्यात घुऽऽऽ असा आवाज झाला आन उसाच्या शेंड्यांवर सहा पंख्यांचं ते मशीन वर आलं.

मल्लेश ओरडला, "आला! माझ्या बापाला खाऊन पोट भरलं न्हाय व्हय रे तुमचं?" आन हातातल्या फावड्यासकट उसात घुसला. त्याच्या मागं समदं गाव.

आन मल्लेशला बी मागं टाकून समद्यांच्या फुडं कोण? मी. कोतवाल न्हवं का! उसाच्या पानांनी तोंड कापलं, ते बी कळलं न्हाय. खरं सांगतो, सकाळचा निरोप, अंगठा, फारुख, कायबी डोक्यात न्हवतं. डोक्यात नुसता जाळ. ऊस फाडून बाहेर आलो तर बांधावर एक माणूस. पांढरा झगा, तोंड झाकलेलं, डोळ्यावर काळा चष्मा, गळ्यात पेटी. त्यानं आवाज ऐकून मान वळवली, हात वर केला. म्या काठी दोन्ही हातांनी उचलली आन जेवढं बळ अंगात व्हतं तेवढं लावून तोंडावर घातली. घुंगरं वाजली. चष्म्याचा चुरा झाला आन रक्त मास्कच्या वरनं भळाभळा आलं.

तो पडला न्हाय. गुडघ्यावर आला आन गळ्यातला रिमोट पोटाशी धरून वाकला. आन मास्कमधनं म्हणला, "मामा, रिमोट वढू नका! तुटला तर मशीन इथंच येतंय!"

मामा. सकाळचा निरोप तवा आठवला मला, तवा!

त्यानं मागं कधी सांगितलं व्हतं, रिमोटचा संबंध तुटला की मशीन आपसूक माघारी येतं, जिथनं उडालं तिथंच उतरतं. जिथनं उडालं ती निळी चटई तिथंच पसरलेली. चटईवर पंधरा-वीस माणसं उभी राहून त्याला लाथा घालत व्हती. पंचवीस किलोचं धूड, सहा पाती गरगरतायत, त्या माणसांच्या डोक्यावर उतरलं असतं. पोरं खालनं दगड हाणत व्हती, मशीन कलंडत व्हतं. कुणी पाठीत काठी घातली, कुणी बरगडीत लाथ. मल्लेशनं फावड्याचा दांडा त्याच्या खांद्यावर घातला, हाड मोडल्याचा आवाज म्या ऐकला. पर फारुखचे दोन अंगठे रिमोटवरनं हालले न्हाईत.

म्या ओरडलो, "थांबा रे! आपला फारुख हाय! बेगमबीचा फारुख!" वीस वर्षं ज्या गळ्यानं गाव हालवलं, त्या गळ्यातनं धड आवाज फुटंना. कुणी ऐकलं न्हाय. मग मी त्याच्या अंगावर पालथा पडलो. फावडं माझ्या पाठीत बसलं, डोक्यात दगड बसला. त्यात माझं काय मोठेपण न्हाय, ते आधीच सांगून ठेवतो. खाली फारुख कण्हत व्हता. एका डोळ्याची खोबणी रक्तानं भरलेली, दुसरा डोळा वर लावलेला. "अजून थोडं... सोयाबीनच्या पल्याड... मोकळं रान..." असं पुटपुटत व्हता. मशीन डगमगत डगमगत आमच्या डोक्यावरनं गेलं, लांब पडीक रानात खाली खाली गेलं. पंखे बंद झाले.

"उतरलं," म्हणला. मग त्यानं रिमोट सोडला, आन तवा कुठं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

मल्लेशनं मला बाजूला ढकललं आन त्याच्या तोंडावरचा मास्क ओढला. चेहरा बघितला आन फावडं हातातनं गळालं. "हा... हा तर आपल्या बांगडीवाल्या आपाचा फारुख." त्याच सकाळी मल्लेशच्या आईच्या बांगड्या फोडल्या व्हत्या. त्या बी बेगमबीनंच भरलेल्या. एकएक माणूस मागं सरकत सरकत उसात शिरला. पाच मिनिटांत बांधावर आम्ही तिघंच राहिलो.

दवाखान्यात तीन बरगड्या, खांदा, समदं जोडलं. डावा डोळा काढून टाकला. एका डोळ्यानं लांब किती, जवळ किती याचा अंदाज येत न्हाय, तवा उडवणं संपलं. मशीन दुसऱ्या कुणाच्या ताब्यात गेलं. फारुख आता तेरला दारात बसून गटाच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. बारकं विमान वरनं गेलं की हातातलं काम थांबवून मान वर करतो, घरघर विरली की परत खाली घालतो. हे मला लोकांनी सांगितलं. मी काय त्याच्या दारात गेलो न्हाय. कोणत्या तोंडानं जाणार?

पोलिसांनी त्याला विचारलं, पहिला तडाखा कुणाचा? "चष्मा व्हता, दिसलं न्हाय," म्हणला. गावाला विचारलं, गाव मुकं. आन वर काय झालं माहीत हाय? "कोतवालानं जीव धोक्यात घालून तरुणाला वाचवलं" म्हणून पेपरात माझा फोटो आला! सरपंचानं पंचायतीत बोलावून शाल-नारळ दिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या चाळिसातले बी व्हते. आन म्या काय केलं? मान खाली घालून शाल घेतली. थू माझ्या जिनगानीवर!

वर्ष गेलं. माझ्या निकिताचं लग्न ठरलं, रविवारचं. चुडा भरायला कुणाला बोलवायचं? बायको म्हणली, बेगमआपाशिवाय कुणाचा हात लागू देणार न्हाय. म्या म्हणलं, ती यायची न्हाय. त्या दिवसापासनं तिनं आमच्या गावात पाय ठेवलेला न्हाय. तरी निरोप धाडला.

शुक्रवारी दुपारी आली. चालत, डोक्यावर पेटी. एका वर्षात बाई वाकून गेली व्हती. निकिताला फुडं बसवलं, तिचा हात तेलानं चोळला, आन एकएक हिरवी बांगडी अशी चढवली की पोरीनं हूं केलं न्हाय. एक बी काच तडकली न्हाय. निकिता पाया पडली तर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणली, "खूश राह बेटा." पैसे घेतले न्हाईत. मग पेटी बंद केली आन मला म्हणली, "बलभीम, जरा बाहेर ये."

अंगणात काठी भिंतीला टेकलेली. तिनं ती हातात घेतली, हळूच हालवली. घुंगरं वाजली.

"फारुखला दिसलं न्हाय, पर ऐकू आलं," म्हणली. "पहिल्याच दिवशी सांगितलं मला. म्हणला, अम्मी, पहिली काठी मामूची व्हती. बादमें मेरे ऊपर पडलेला बी मामूच."

म्या म्हणलं, "आपा, मग पोलिसांला का न्हाय..."

"तो गप राहिला, कारण तू त्याच्यावर पडलास. मी गप राहिले, कारण या पोरीचा चुडा मला भरायचा व्हता. तिच्या आईचा भरला, तिचा दुसऱ्या कुणाच्या हातनं कसा भरू देऊ? आता झाला भरून." तिचा आवाज चढला न्हाय. चढला असता तर बरं झालं असतं. "तू माफी मागू नको. माफी मागून माझ्या लेकराचा डोळा येत न्हाय. त्या दिवशी तुझी दवंडी राहिली. तेवढी दे. पोरगी नांदायला जाऊ दे, तिचा काय गुन्हा? मंगळवारी सकाळी दे. तेरपर्यंत आवाज यायचा न्हाय, पर मला कळंल."

काठी माझ्या हातात दिली आन पेटी उचलून गेली.

रविवारी लग्न लागलं. जावई सोमेश, भला पोरगा हाय. सोमवारी पोरगी गेली. बायकोला म्या राती समदं सांगितलं. ती म्हणली, "शाल परत करून या."

मंगळवारी सकाळी सात वाजता पंचायतीचं कुलूप काढलं. शाल सरपंचाच्या खुर्चीवर ठेवली. भोंगा सुरू केला.

"गावकरी हो, कान द्या. कोतवाल बलभीम बोलतोय. मागल्या साली माणिकप्पाच्या मातीदिवशी एक दवंडी द्यायची राहिली, ती आज देतो. त्या दिवशी साडेदहाला खालच्या मळ्यात, तेरच्या बेगमबीचा मुलगा फारुख वजीर शेख सोयाबीनवर मशीन उडवणार व्हता. त्यानं मला सात वाजता कळवलं व्हतं. म्या तुम्हाला सांगितलं न्हाय. तो बांधावर उभा असताना पहिली काठी म्या घातली. त्याचा डोळा म्या फोडला. शाल-नारळ घेतला तो बी म्याच. पोलिसांच्या कागदात चाळीस अज्ञात हायत, आजपासनं एकोणचाळीस. मी आता ठाण्यात निघालोय. ज्याला यायचं त्यानं यावं. दवंडी संपली."

बाहेर आलो तर दारादारांत माणसं उभी. म्या काठी घेतली आन चालायला लागलो. एरवी लोकांच्या झोपा मोडू नयेत म्हणून सकाळच्याला मी घुंगरं मुठीत धरून चालतो. त्या दिवशी धरली न्हाईत. वेशीपाशी मागं पावलं वाजली म्हणून वळून बघितलं. मल्लेश व्हता. खांद्यावर तेच फावडं. "आता अडतीस," म्हणला.